ताईंच्या खिशातला 'तातडीचे'

मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझ्या तळव्यावर चारच अक्षरं आहेत: तातडीचे. एका मोठ्या इस्पितळात, रक्ततपासणीच्या खोलीत माझी नेमणूक झाली. पण सुरुवातीला माझी पार रया गेली होती, मित्रांनो! 'जरा लवकर हवं होतं' असं कुणी म्हणायचा अवकाश, की कारकून मला शाईत बुडवून धपकन आपटत. शंभरातले नव्वद कागद लाल. सगळेच तातडीचे, त्यामुळे कुणाचंच काम लवकर होईना.

मग ताई खोलीच्या मुख्य म्हणून आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला उचलून आपल्या पांढऱ्या कोटाच्या खिशात टाकलं. शिक्का मागणाऱ्याला त्या एकच विचारत, "रिपोर्ट हातात पडल्या पडल्या काय करणार?" उत्तर आलं नाही, की कागद रांगेत. लोक नाकं मुरडत, पण ताई बधल्या नाहीत. मला तर त्यांचा केवढा अभिमान वाटे!

एका दुपारी मोठे डॉक्टर स्वतः आले.

"ताई, आमच्या सासूबाईंची साखर तपासायचीय. मारा शिक्का."

"रिपोर्ट आल्यावर काय करणार, साहेब?"

"करायचंय काय? घरी जाऊ."

"मग नंबर आला की देते."

साहेबांच्या कपाळावर आठ्या चढल्या. ते काही बोलणार, तोच नर्स धापा टाकत आली. "ताई, बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना! जुळणारं रक्त मिळालं की लगेच चढवायचंय."

ताईंनी मला कागदावर उमटवलं. त्या आठवड्यातला तो माझा पहिलाच ठसा. लाल अक्षरं दिसताच खोलीतल्या चौघांनी हातातलं काम जागच्या जागी ठेवलं. साहेबांनी सासूबाईंच्या रक्ताची नळी स्वतः बाजूला सारून टेबल मोकळं केलं. काय भराभर चालत होते सगळ्यांचे हात! रक्त वेळेत पोहोचलं आणि बाई वाचली.

आता ताई निवृत्त झाल्यात. माझ्या जागी संगणकावर लाल बटण आलंय आणि ते दिवसभर दाबलं जातं. मी खणात पडून असतो. त्याचं थोडं वाईट वाटतं, पण मित्रांनो, मागणं माझ्यासाठी नाही, त्या शब्दासाठी आहे. तो जपून वापरा. ताई सगळ्यांनाच हो म्हणत असत्या, तर त्या दुपारी धापा टाकणाऱ्या नर्सला चौघांनी मान वर न करता सांगितलं असतं, "ठेवा तिकडे, बघतो."