जांभळी पट्टी

पट्टी जांभळी झाली तेव्हा ती हाफिज मिस्त्रीच्या चिमटीतच होती.

"समीक्षा, हे काय झालं वं?"

समीक्षाने पट्टी त्याच्याकडून घेतली. गावातल्याच पुंडलिकरावांची ही मुलगी यवतमाळला रसायनशास्त्र शिकत होती. तिच्या कॉलेजात कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीच्या काड्या उकळून, दळून, डोळ्यांना न दिसणारे तंतू काढत आणि त्यांचा कागद करत. पाण्यात फवारणीचं औषध असलं की त्या कागदाची पट्टी जांभळी होई. २०१७चा सप्टेंबर होता. फवारणी करणारी माणसं विषबाधा होऊन रोज दवाखान्यात भरती होत होती. म्हणून ती आपल्या बोरी अरब गावच्या विहिरी तपासत होती. आज पट्टी हाफिजनेच आपल्या विहिरीच्या पाण्यात बुडवली होती.

हाफिज तीस वर्षं फवारणीचे पंप दुरुस्त करत होता. दुरुस्त झालेला पंप तो अंगणातल्या विहिरीजवळच धुई. ते पाणी कुठं मुरतं, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. आता त्याला तेवढंच दिसत होतं. घरात चार वर्षांची नात अतिया दोन दिवसांपासून ओकत होती.

शेजारची धुरपताबाई घागर घेऊन आली.

"पानी नको नेऊ, बाई."

"काहून? विहिरीले कुलूप लावलं काय, मिस्त्री?"

"माह्या पंपायचं औषध उतरलं तिच्यात."

धुरपताबाईची घागर खाली टेकली. तिच्या घरची पाच माणसं हेच पाणी पीत होती.

दारातून हाफिजच्या बायकोने, अमिनाबीने विचारलं, "आपल्या अतियाले याच्यानंच झालं काय हो?"



समीक्षा पट्टी निरखत होती. रंग पाण्यात बुडलेल्या टोकाकडून वर चढायला हवा होता. तो चिमटीपासून खाली उतरला होता.

"थांबा, चाचा."

तिने स्वतः ताजं पाणी शेंदलं. नवी पट्टी चिमट्याने धरून बुडवली. पाच मिनिटं वाट पाहिली. पट्टी पांढरीच राहिली. तिने पुन्हा केलं. पांढरीच.

"विहीर साफ हाय, चाचा."

"जीव घेतला असता ना या बुढ्यानं!" धुरपताबाईने घागर भरली आणि कमरेवर घेतली.

हाफिज हसला नाही. "मंग पह्यली कायनं झाली?"

"तुमी पंपाचं नोझल कसं साफ करता?"

"कसं म्हंजे? बोटानं. कचरा नाईच निंघाला तं तोंडानं फुकतो."

समीक्षाने वाडग्यात पाणी घेतलं आणि त्याला बोटं बुडवायला लावली. त्या पाण्यात पट्टी लगेच जांभळी झाली. मग तिने तेच पाणी त्याच तंतूंच्या जाड पांढऱ्या चकतीतून गाळलं. खाली पडलेल्या पाण्यात पट्टी पांढरी राहिली.

"पानी असं साफ करता येते."

"अन् हात?"

"साबनानं धुवा. पुन्हा पुन्हा धुवा." ती थांबली. "अतिया कोनाच्या हातानं जेवते, चाचा?"

उत्तर अमिनाबीने दिलं. "यायच्याच, आज्याच्या. दुसऱ्याच्या हातानं घासच घेत नाई."

"दवाखान्यात चाला. डॉक्टरले हे सारं सांगा. मी येतो संगं," समीक्षा म्हणाली.

हाफिजने तीनदा साबण लावला. ऑटो आला तेव्हा अमिनाबीने अतियाला बाहेर आणलं. आजोबा दिसताच तिने सवयीने दोन्ही हात पुढे केले. हाफिजने आपले मागे नेले.

"तूच घे तिले," तो बायकोला म्हणाला आणि पुढे ड्रायव्हरजवळ बसला. मागे अतिया त्याला हाका मारत होती. दारव्ह्याचा दवाखाना येईपर्यंत हाफिज मिस्त्रीने आपला मोकळा हात ऑटोच्या बाहेर, वाऱ्यात धरून ठेवला होता.