कार्ड नंबर एक्केचाळीस

मी एक चित्रकार्ड बोलतोय. परकी भाषा शिकवणाऱ्या एका बाईंच्या साठ कार्डांतला मी एक, नंबर एक्केचाळीस. माझ्यावर एक माणूस काढलाय. त्याने छातीवर हात धरलाय, भुवया आखडल्यात आणि तोंड वाकडं केलंय. माझ्या पाठीवर त्या परक्या भाषेतलं एकच वाक्य आहे. त्याचा अर्थ, 'मला इथे दुखतंय.' एवढंच माझं भांडवल. पण एवढ्यावर मी एकेकाळी वर्ग गाजवलाय, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सांगण्यासारखं फारसं चांगलं नाही.

नव्या शर्टाच्या घडीत पुठ्ठा घालतात ना, तो मी. बाईंचे यजमान कापडाच्या दुकानात कामाला होते. गिऱ्हाइकाने उघडलेल्या शर्टांचे पुठ्ठे ते पिशवीत घालून घरी आणायचे. बाजारात छापील कार्डं मिळत होती, पण बाईंना ती पटायची नाहीत. त्यातली माणसं उगाच हसत असतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून साठच्या साठ त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवली.

माझी पाळी आली तेव्हा दुखणारा चेहरा काही केल्या जमेना. मग बाईंनी यजमानांनाच समोर खुर्चीत बसवलं.

"छातीत कळ आल्यासारखं करा बघू."

यजमानांनी केलं.

"अहो, हे तर ढेकर अडकल्यासारखं दिसतंय."

"मग कळ कशी येते ते तूच दाखव. मला कुठे आलीय कधी?"

शेवटी त्यांनी भुवया आखडल्या, ओठ एका बाजूला ओढले आणि हसू दाबत तसेच बसून राहिले. बाईंनी भराभर ते उतरवून घेतलं. नीट बघितलंत तर माझ्या ओठांच्या कोपऱ्यात ते दाबलेलं हसू अजून आहे.

वर्ग छापखान्याच्या वरच्या खोलीत भरायचा, दुपारी दोन ते चार. खालचं यंत्र सुरू झालं की वर बाक थरथरायचे. शिकायला यायची सगळी मोठी माणसं. ट्रक चालवणारे, नर्स, स्वयंपाकी, नवऱ्याकडे निघालेल्या मुली. प्रत्येकाला परदेशी जायचं होतं आणि प्रत्येकाला घाई होती.

बाईंचे नियम दोनच, आणि ते पहिल्या दिवशी घरच्या भाषेत सांगून झाले की ती भाषा दाराबाहेर. पहिला नियम, अर्थ विचारायचा नाही, चित्र बघायचं. दुसरा नियम, प्रश्न आला की गप्प बसायचं नाही. जी वाक्यं येत असतील ती म्हणायची, पण पूर्ण म्हणायची. "चुकलात तरी चालेल," बाई म्हणायच्या, "थांबलात तर खपवून घेणार नाही." मोठी माणसं लाजतात, तोंडच उघडत नाहीत, म्हणून हा उपाय. तो लागूही पडायचा. महिन्याभरात मुखदुर्बळ माणूससुद्धा घडाघडा स्वतःचं नाव, पत्ता, घरात किती माणसं, खिडकीबाहेर काय दिसतं, हे सांगायला लागायचा.

माझा खेळ सगळ्यांचा आवडता. एकाने मला लपवून घ्यायचं आणि बाकीच्यांसमोर नक्कल करायची, त्यांनी वाक्य ओळखायचं. एकदा एक ट्रकड्रायव्हर इतका रंगात आला, की धाडकन जमिनीवर आडवाच झाला. आवाज ऐकून छापखान्याचा मालक पाण्याचा तांब्या घेऊन धावत वर आला. त्या दिवशी पुढचा तास झालाच नाही, सगळे हसतच बसले. बाकीची कार्डं माझ्यावर जळायची. जळू देत.

मग एका सकाळी दुकानात कापडाची घडी घालता घालता बाईंच्या यजमानांनी छातीवर हात धरला. ते चेष्टेखोर म्हणून प्रसिद्ध. बरोबरची माणसं क्षणभर हसली. ती हसायची थांबली तेव्हा उशीर झाला होता.

बाई तीन आठवड्यांनी वर्गावर आल्या. आवाज थोडा बसला होता, बाकी शिकवणं पूर्वीसारखंच. एक एक पाठ करत वर्ग माझ्यापर्यंत आला. बाईंनी चाळीस नंबर खाली ठेवलं आणि मला उचललं. माझ्या तोंडाकडे बघितलं. मला वर्गाकडे वळवलंच नाही. मी आणि माझ्यामागची तिघं, म्हणजे डॉक्टर, औषधाची बाटली आणि थर्मामीटर, अशी चौघांची रवानगी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये झाली. दृष्टीआड सृष्टी. त्यांनी पंचेचाळीस नंबर उचललं आणि बाजाराचा पाठ सुरू केला.

मला राग आला नाही, खरंच सांगतो. ज्याच्या तोंडावरून माझं तोंड काढलं, तो माणूसच गेला. त्याची नक्कल रोज वर्गासमोर कोण धरणार? मला वाटलं, महिना-दोन महिने जातील आणि बाई मला बाहेर काढतील. पण एक तुकडी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. ड्रॉवर पूर्ण बंद व्हायचा नाही, बोटभर फट राहायची. तिथून मी वर्ग ऐकायचो, थोडाफार बघायचोही. चाळीस झालं की माझे कान टवकारायचे. चाळीसनंतर पंचेचाळीस.

दुसऱ्या वर्षी मावशी आल्या. साठी उलटलेल्या, हातात शाळकरी पोरांसारखी पिशवी. त्यांची लेक तिकडे नोकरीला होती, नुकतीच बाळंत झाली होती, आणि नातीला सांभाळायला मावशी निघाल्या होत्या. वर्गातले सगळेच त्यांना मावशी म्हणायला लागले, बाईसुद्धा. 'टेबलावर काय आहे?' असं त्या परक्या भाषेत विचारलं तर मावशी घरच्या भाषेत म्हणायच्या, "माझ्या घरी टेबलच नाही, बाई. मी आपली खालीच बसते." बाई बोट उगारायच्या. मावशी जीभ चावायच्या आणि टेबलावरच्या सफरचंदाचं वाक्य बिनचूक म्हणून दाखवायच्या. वही इतकी नेटकी, की नर्स मुली त्यांची वही बघून आपली पुरी करायच्या. कार्डांवरची चित्रंही त्यांनी पेनाने वहीत उतरवून घेतली होती.

एक दिवस तास सुटल्यावर त्या टेबलापाशी थांबल्या.

"बाई, एक विचारू? घरच्या भाषेत विचारते, रागावू नका. तिकडे मला काही झालं, दुखलंखुपलं, तर काय म्हणायचं?"

मी ड्रॉवरमध्ये ताठ झालो.

"तो पाठ आहे, मावशी. पुढच्या आठवड्यात घेऊ."

"घ्या हं. लेक-जावई दिवसभर कामावर. घरात मी आणि नात, दोघीच."

पुढच्या आठवड्यात चाळीस नंबर झालं. बाईंनी ड्रॉवर ओढला. उजेड थेट माझ्या तोंडावर आला. मी त्यांची बोटं बघितली, ती माझ्यापर्यंत आली होती. मग ड्रॉवर पुन्हा आत गेला आणि बाईंच्या तोंडून बाजाराचं पहिलं वाक्य ऐकू आलं. मावशींनी ते वहीत लिहून घेतलं. पुन्हा त्यांनी विचारलं नाही. बाईंनी शिकवलं नाही म्हणजे ते लागत नसणार, इतका साधा विश्वास होता त्यांचा.

मावशी गेल्या. जाताना बाईंच्या हातात पेढ्यांची पुडी ठेवून वाकायला लागल्या, तेव्हा बाईंनी त्यांना वरच्या वर धरलं.

सहा महिन्यांनी एका दुपारी, वर्ग सुटत असताना, एक तरुण बाई दारात येऊन उभी राहिली. कडेवर वर्षाच्या आतलं मूल.

"तुम्ही ज्यांना मावशी म्हणायचात, त्यांची मी मुलगी."

"या ना, बसा. मावशी कशा आहेत?"

"आई गेली. दीड महिना झाला."

बाई खुर्चीत बसल्या. लेक उभीच होती. मूल या हातावरून त्या हातावर घेत ती सांगत राहिली.

"दुपारी ही झोपली होती. आईला कसंतरी व्हायला लागलं. तिने आधी मला फोन केला, पण कामावर आमचे फोन बाहेर ठेवून घेतात. मग भिंतीवर मी मदतीचा नंबर चिकटवला होता, तो लावला. ते लोक बोलणं रेकॉर्ड करतात. मला नंतर ऐकवलं त्यांनी."

"काय म्हणाल्या त्या?"

"पलीकडून विचारलं, काय होतंय. आई म्हणाली, नमस्कार, मी बरी आहे, आभारी आहे. मग पत्ता सांगितला, घर नंबरासकट. मला एक मुलगी आहे, एक नात आहे. खिडकीबाहेर झाड आहे. त्यांनी पुन्हा विचारलं, की पुन्हा पहिल्यापासून. एकही चूक नाही, बाई. थांबलीसुद्धा नाही. मधे मधे फक्त दम लागल्याचं ऐकू येतं. त्यांना वाटलं, एकटी म्हातारी आहे, बोलायला कोणी नाही. पत्ता होता म्हणून गाडी पाठवली, पण सावकाश पाठवली."

खाली यंत्र चालू होतं, ड्रॉवर हलत होता.

"मी भांडायला नाही आले हो," लेक म्हणाली. "आई तुमचं फार सांगायची. आमच्या बाईंनी एक पाठ गाळला नाही म्हणायची. ती शिकली ती कार्डं मला द्याल का? ही मोठी झाली की तिला दाखवीन. आजी या वयात कशावरून शिकली ते."

बाईंनी उठून डबा दिला. लेक तिथेच उभी राहून एक एक कार्ड बघू लागली. आईच्या वहीतली चित्रं तिला ओळखता येत होती. मग तिचा हात थांबला.

"चाळीसनंतर एकदम पंचेचाळीस? मधली चार कुठे आहेत?"

आता, मला वाटलं. आता बाई ड्रॉवर उघडतील. मला तिच्या हातात देतील. मग ती लेक रडू दे, ओरडू दे, मला बाईंच्या अंगावर फेकून देऊ दे. पण निदान जे झालं ते एका माणसाने दुसऱ्याला सांगितलेलं असेल.

"हरवली," बाई म्हणाल्या. "फार पूर्वीच."

लेकीने त्यांच्याकडे बघितलं. "बरं," म्हणाली, डब्याला रबर लावलं आणि मुलाला सावरत जिना उतरून गेली.

तिचा जिन्यावरचा आवाज थांबल्यावर बाईंनी ड्रॉवर उघडला. दोन वर्षांनी त्यांनी मला हातात घेतलं. माझ्या ओठांच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"तुमचं तोंड बघवलं नाही हो मला," त्या म्हणाल्या. माझ्याशी नाही, ज्यांना खुर्चीत बसवून त्यांनी माझं तोंड काढलं होतं, त्यांच्याशी. मग त्यांनी मला परत आत ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून वर्ग भरला नाही.

आता त्या खोलीत छापखान्याचे कागदाचे गठ्ठे आहेत. टेबल भिंतीला लावलंय, त्याच्यावरही गठ्ठे. माझा रंग उडालाय, एक कोपरा वाळवीने खाल्लाय, पण पाठीवरचं वाक्य अजून वाचता येतं. बाईंना मी वाईट म्हणणार नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. त्यांनीच मला केलं, आणि त्यांना जे सोसवलं नाही ते त्यांनी झाकून ठेवलं. असं कोण करत नाही? पण त्यांच्या दुःखाची किंमत दुसऱ्याच बाईला मोजावी लागली, हेही मला लपवता येत नाही. रोज मनात मी मावशींसमोर उभा राहतो आणि त्या एकदा बघूनच माझं वाक्य बिनचूक म्हणतात.

तुमच्यापैकी कोणी शिकवत असेल, आणि तुमच्या डब्यातही माझ्यासारखं वाकड्या तोंडाचं कार्ड असेल, तर ते पहिल्या आठवड्यात दाखवा. सफरचंद, खिडकी, झाड मागून आलं तरी चालतं. तुम्हाला ते बघवत नसेल तर डोळे मिटा आणि दाखवा.

आणि बाई, तुमच्यापर्यंत हे पोहोचलं, तर एकच मागणं आहे. त्या लेकीला एक पत्र टाका. बाकी काय लिहायचं ते तुम्ही ठरवा, पण एवढं लिहा की एक्केचाळीस नंबर हरवलं नव्हतं. ती उभी होती तिथून ते हातभर अंतरावर होतं.