माझ्या पोटावरची खोटी पिशवी

मी एक जुना, कापूस भरलेला कांगारू आहे. नर! मित्रांनो, हे आधी ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच घडलं.

माझा जन्म ऑस्ट्रेलियाच्या माळरानावरचा. एका उडीत मी वीस-पंचवीस फूट पार करत असे आणि शेपटी म्हणजे माझा आणखी एक पायच. पुढे सर्कशीबरोबर बोटीने मुंबईला आलो, तापाने गेलो. परळच्या रामदास नावाच्या कारागिराने गिरणीतला टाकाऊ कापूस ठासून मला पुन्हा उभं केलं. प्रामाणिक माणूस! माझ्या पायांखालच्या फळीवर त्याने ठसठशीत अक्षरांत रंगवलं, 'कांगारू – नर'.

मग मी लालबागच्या एका शाळेत आलो. मुलांचा पहिला प्रश्न, "पिशवी कुठंय?" पायांकडे, शेपटीकडे कुणी बघेना! अरे, बाप्याच्या पोटाला पिशवी कुठून येणार?

हेडमास्तर रघुवीरराव हिरमुसले. शिक्षणखात्याचे साहेब शाळा बघायला येणार होते. त्यांनी शिपायाकरवी तपकिरी ब्लँकेटची पिशवी शिवून आणवली आणि माझ्या पोटावर टाचली. आत कापसाचं पिल्लू! लाजेने मेलोच असतो, पण मी आधीच मेलेला. साहेब खूश, मुलं खूश, माझ्याभोवती ही गर्दी!

आमच्या मुलखात बदकासारख्या चोचीचा, अंडी घालणारा एक केसाळ प्राणी आहे. तो इथे आला असता, तर ह्याच लोकांनी त्याची खरी चोच खोटी म्हणून उपटली असती. नसलेलं चिकटवायचं आणि असलेलं उपटायचं, ही कुठली रीत?

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आमचे हेडमास्तर सभेत 'अन्याय सहन करणार नाही' म्हणून टेबलावर मूठ आपटायचे. एकदा चौथीच्या वर्गाला माझ्यासमोर उभं करून त्यांनी शिकवलं, "पिशवी फक्त मादीला असते."

शेवंती नावाच्या मुलीने खाली वाकून फळी वाचली. "गुरुजी, हा तर नर आहे. मग ह्याला पिशवी कशी?"

वर्ग खो खो हसला. हेडमास्तरांचा पारा चढला. "मोठी शहाणी! फळी चुकलीय. उद्या बापाला घेऊन ये, नाहीतर शाळेत पाऊल टाकू नकोस."

सगळे गेल्यावर ती माझ्यापाशीच मैत्रिणीच्या गळ्यात पडून रडली. आईने बजावलं होतं म्हणे, तक्रार आली की शाळा बंद, गावी आजीकडे गुरं राखायला जायचं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रामदासची फळी चुकली? खोटं मोठ्यांनी बोलायचं आणि शिक्षा पोरीला?

दुसऱ्या दिवशी तिचे वडील दौलत आले. चाळीच्या जिन्याखाली शिवणयंत्र चालवणारे शिंपी. गळ्यात टेप तशीच होती. हेडमास्तर म्हणाले, "तुमची मुलगी खोटा वाद घालते."

दौलतांनी माझ्या पिशवीची कड बोटांनी चाचपली आणि ते थबकले.

"गुरुजी, ही तर मी शिवलेली. दुहेरी टीप माझीच हाय. शिपाई बोलला, नाटकाला पायजे. माझ्याच हातानं माझ्या पोरीला खोटी पाडता व्हय?"

"अहो, मुलांच्या आनंदासाठी..."

"आणि माझी पोर गुरं राखंल, तिचा आनंद?"

दाराशी जमलेल्या मुलांना रस्त्यावरच्या घोषणा पाठ होत्या. कुणीतरी ओरडलं, "पिशवी उसवलीच पाहिजे!" मग काय, सगळा वर्ग दार बडवायला लागला.

दौलतांनी खिशातली कात्री शेवंतीच्या हातात दिली. "तूच काप. त्याच्या कातड्याला लागू देऊ नको."

एकेक टाका तुटला. हेडमास्तरांनी खाली पडलेली पिशवी उचलली. शेवटी म्हणाले, "शेवंती, वर्गात जा, जागेवर बस."

पिशवी गेली तशी गर्दीही गेली. मला नकाशांच्या मागे सरकवलं, अंगावर बोटभर धूळ साचली. राग येतो, का येऊ नये? पण शेवंती दर शनिवारी फडकं घेऊन येई आणि लहान मुलांना सांगे, "पोट सोडा, ह्याचे पाय बघा!"

मित्रांनो, कुणाही प्राण्याला तो आहे तसा बघा. तुम्हाला आवडावं म्हणून त्याला काही चिकटवू नका.

टाक्यांची भोकं माझ्या पोटावर अजून आहेत. शिपाई ती बुजवायला आला, तेव्हा शेवंती आडवी आली.

"राहू देत," ती म्हणाली. "कुणी विचारलं की खरं सांगता येतं."