कॉम्प्युटर जलद झाल्याचा तोटा

बाबांचा कॉम्प्युटर सुरू व्हायला जेवढा वेळ घ्यायचा, तेवढ्या वेळात त्यांच्या सुनेचा एक अख्खा पडदा शिवून व्हायचा. हे गणित घरात फक्त तिला ठाऊक होतं, आणि ते तिने जिवापाड जपलं होतं.

बाबा म्हणजे तिचे सासरे. हयातभर एका कापड गिरणीत मालाची तपासणी केली. दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा, असं भाग्य कितीजणांना लाभतं? निवृत्त झाल्यावर पगार थांबला, पण चुका काढणं कसलं थांबतंय! सून पुढच्या खोलीत मशीन टाकून पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायची. बाबा फूटपट्टी घेऊन मागे उभे. "सूनबाई, दुमड इथे बारीक झाली हो." मागे कुणी उभं राहिलं की तिची शिवण हमखास वाकडी जायची, आणि शिवण वाकडी गेली की बाबांना आणखी एक चूक मिळायची. धंदा बुडायच्या बेताला आला होता. तेवढ्यात नवऱ्याने ऑफिसातून मोडीत निघालेला कॉम्प्युटर घरी आणला आणि देव पावला.

काय त्याचे गुण वर्णावेत! सकाळी बटण दाबायचं, दाढी करायची, कुंड्यांना पाणी घालायचं, पेपर वाचून संपवायचा, तेव्हा कुठे साहेब डोळे उघडायचे. मग बाबा तक्रारी लिहायला बसत. पुड्यात तुटकी बिस्किटं निघाली, कोपऱ्यावरच्या टपालपेटीचा रंग उडाला, काही ना काही असायचंच. एक तक्रार रवाना होईपर्यंत जेवायची वेळ. बिस्किटवाल्यांचं काय व्हायचं ते होवो, सून सुखात होती.

पण सुखाला दृष्ट लागतेच. नवऱ्याने कुठलेसे व्हिडिओ पाहिले आणि एका रविवारी घरात सभा भरवली.

"ही सिस्टिम आता फार जुनी झाली," तो म्हणाला. "नवी टाकायची की नाही, सगळ्यांनी मिळून ठरवू." म्हणजे त्याचं ठरलं होतं.

"प्रिंटर चालणार नाही," सून म्हणाली.

"आपल्याकडे प्रिंटर नाहीये."

"फोटो उडतील."

"आधी कॉपी करून ठेवतो. अगं, घाबरतेस काय एवढी? जरा काळाबरोबर चालावं माणसाने."

हे कोण सांगतंय, तर ज्याला स्वतःचा मोजा कपाटात सापडत नाही तो. खरं कारण सांगायचं म्हणजे सासऱ्यांसमोर म्हणायचं की तुम्ही कोंडलेले बरे. कोणत्या तोंडाने सांगणार?

"चाललंय की बरं," बाबा हळूच म्हणाले. "कशाला हात लावायचा?"

लग्न झाल्यापासून सासरे आणि सून एका बाजूला असण्याची ही पहिलीच वेळ. पण नवरा तोवर नव्या सिस्टिमचे फायदे सांगण्यात रंगला होता. वेग, वेग आणि वेग. संध्याकाळपर्यंत त्याने जुना डबा उघडून आत काहीतरी नवं बसवलं, सिस्टिम टाकली आणि हात झटकत म्हणाला, "बघा आता!"

बघितलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी बटण दाबलं आणि ते दाढीचा साबण शोधतात न शोधतात तोच कॉम्प्युटर हजर. चहा निवायच्या आत टपालपेटीची तक्रार गेली. बाबा थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग फूटपट्टी घेऊन पुढच्या खोलीत आले.

आठवडाभर सुनेने सोसलं. एका दवाखान्याचे पडदे द्यायचे होते, मोठं गिऱ्हाईक, आणि बाबा मागे. शेवटी एका सकाळी फूटपट्टी तिच्या खांद्यावरून पुढे आली आणि तिचा बांध फुटला.

"बाबा, तो कॉम्प्युटर रखडायचा तेच बरं होतं! निदान तुम्ही तिकडे तरी असायचात!"

बोलून गेली आणि जीभ चावली. मशीन थांबलं. आता काय ऐकावं लागणार, म्हणून ती मान खाली घालून बसली.

"मलाही तेच बरं वाटायचं," बाबा म्हणाले. "दुरुस्तीवाला मागेच म्हणाला होता, दोन मिनिटांत जलद करून देतो. मीच नको म्हटलं."

"का?"

"मी मागे असलो की तुझी शिवण बिघडते, दिसत नाही होय मला? तपासणीत गेला जन्म." त्यांनी फूटपट्टी खाली घेतली. "पण रिकाम्या माणसाने बसायचं कुठे, सूनबाई? तिकडे बसलो की कुणी विचारत नव्हतं. कॉम्प्युटर सुरू होतोय, एवढं म्हटलं की झालं."

तिला फार वाईट वाटलं. इतके दिवस तिला वाटत होतं की आपणच त्यांना गुंडाळतोय, आणि बाबा मुकाट्याने तिची सकाळ राखत बसले होते.

बाबा जायला वळले.

"कुठे निघालात?" तिने स्टूल पुढे ओढलं, पण मागे नाही, आपल्या समोर. "बसा इथे. शिवण कुठे वाकडी आहे म्हणालात?"

"इथे. जराशीच आहे. चालेल."

"दवाखान्याला चालेल, तुम्हाला चालेल का?" तिने छोटी कात्री त्यांच्या हातात ठेवली. "उसवा."

बाबांनी चष्मा पुसला आणि एकेक टाका मोजून मापून काढायला घेतला. वीतभर शिवण उसवेपर्यंत जेवायची वेळ झाली. तिने घाई केली नाही.