चार फ्रेम उजेड

हितेशचा पाय त्या दिवशी एका जागी ठरत नव्हता. खुर्चीत बसला की उठायचा, पंख्याचं बटण उगाच चालू-बंद करायचा आणि परत कॉम्प्युटरसमोर येऊन कपाळाला हात लावायचा. चार वाजता वाशीहून कॅसेट कंपनीचे मानसिंगशेठ येणार होते, आणि व्हिडिओ मेलेला होता. मेलेला म्हणजे पार बर्फातल्या मासळीसारखा!

दिवाळे गावात हळदीचं शूटिंग म्हटलं की हितेश. नव्व्याण्णव साल उजाडलं, कॉम्प्युटरवर एडिटिंग आलं, तरी हा आपला नवरीच्या मावशीतच अडकलेला. पहिल्यांदाच व्हिडिओ करायला एक गाणं हाती आलं होतं, तेही बिनशब्दांचं, नुसतं धाड धाड वाजणारं. टेक्नो म्हणतात ते. हे जमलं तर हळदी सुटणार, नाही तर जन्मभर मांडवात वायरी ओढायच्या. शेठनी बजावलं होतं, "आवडलं नाय तर अंधेरीवाले बसलेतच."

शूटिंग तर झकास झालं होतं. रबाळ्यातल्या बंद गोदामात काळे पडदे लावले, एकच दिवा ठेवला, गावातली पोरंपोरी नाचली. आणि कोण जाणे काय झालं, सामान उचलायला आलेला बाप, दादू, पडदा सारून मध्ये शिरला आणि नाचला! आठ वर्षांपूर्वी वादळात त्याचा धाकटा भाऊ धर्मा होडीवरून गेला; होडीवर दोघंच होते. तेव्हापासून हा माणूस होडीवर चढला नव्हता, हळदीत नाचायला उठला नव्हता. त्या रात्री काय झालं, हे धर्माची बायको जमुना विचारून विचारून थकली, पण यानं चकार शब्द काढला नाही. असला माणूस नाचला, आणि वर रोज विचारायला लागला, "मी कवा दिसनार रं?"

आज तर पांढरा सदरा घालून तो सकाळपासून स्टुडिओच्या बाकावर येऊन बसला होता.

चूक कुठं होती सांगू? हळदीची खोड! हळदीच्या कॅसेटमध्ये कुणाचं तोंड राहिलं तर दुसऱ्या दिवशी दारात भांडण. म्हणून हितेशनं इथंही प्रत्येकाला पाच-पाच सेकंद वाटले होते, प्रसादासारखे. खाली ठोका धावतोय आणि वर माणसं निवांत. जीव येणार कुठून?

अडीच वाजता त्याचं डोकं सटकलं. त्यानं मोजलं, एका ठोक्याला बारा फ्रेम. मग चार फ्रेम चित्र ठेवलं, आठ फ्रेम काळं. पुन्हा चार, पुन्हा आठ. खांदा, काळोख. डोळे, काळोख. कुणाचं पुरतं तोंड नाही, कुणाची पुरती गिरकी नाही. चालवून बघितलं आणि अंगावर काटा आला. आईशप्पथ, चित्र धावत होतं!

मग त्याला बाकावरचा सदरा आठवला. बापाच्या वाट्याला सात तुकडे आले होते. मान, मिशी, वर गेलेला हात. संपलं.

"झाला का? दाव मना."

"बाबा, नंतर बघ ना."

"आताच दाव."

दादूनं बघितलं. हितेश पडद्याकडं न बघता बापाच्या तोंडाकडं बघत होता. दादू उठून पुढं आला. "मागं घे," म्हणाला. पुन्हा बघितलं. पुन्हा म्हणाला, "मागं घे."

"बाबा, तुझा अख्खा डान्स हाय माझ्याकडं. तुला वेगळी कॅसेट करून…"

"गप." दादूचा आवाज फाटला. "दर्यात वीज चमकली का मानूस असाच दिसतो. जरा उजेड, मंग काळोख. पयल्या विजेला धर्मा दोरीला व्हता. दुसऱ्या विजेला निस्ता हात व्हता, वर. तिसऱ्या विजेला कोनी नव्हता."

हितेशला हुंदका आवरला नाही. दादूनं पडद्यावरच्या स्वतःच्या हातावर बोट ठेवलं.

"ह्यो हात जरा ठेव. लगेच घालवू नको."

हितेशनं त्या हाताला दोन अख्खे ठोके दिले. चोवीस फ्रेम, मध्ये काळोख नाही.

चारच्या ठोक्याला शेठ आले. उभ्यानंच बघायला लागले, बघता बघता बूट ताल धरायला लागला. "भारी रे!" आणि एकदम कपाळाला आठी. "इथं अडकलं तुझं. हात तसाच राहतो. तेवढं काढ, मग फायनल."

दोन मिनिटांचं काम होतं. हितेशनं माउसवर हात ठेवला आणि काढून घेतला.

"नाय शेठ. तो हात राहील."

"अरे, वेडा का खुळा? तुला काम पाहिजे का हात?"

"हात," हितेश म्हणाला.

शेठ गेले. त्यांचे बूट जिन्यावरून वाजत खाली गेले. सगळ्या हळदी हितेशच्या डोळ्यांपुढं रांगेनं उभ्या राहिल्या. त्यानं डोळे पुसले आणि गाणं परत लावायला हात पुढं केला.

"थांब, लावू नको," दादू चपला घालत म्हणाला. "मासली बाजारातनं जमुनाला बोलवून आनतो."