आवाज येतो, शब्द गळतात

राजेंद्र वाळूजच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर काम करायचा. पत्रा आत सरकवला की प्रेस धाडकन खाली यायचा, मग दुसरा पत्रा. कानात घालायला रबरी बोळे मिळाले होते, पण घामानं कान खाजतात म्हणून ते खिशातच राहायचे. मिसरूड फुटायच्या वयात लागलेलं हे काम. आता केस पिकले होते.

छावणी भागातल्या घरी तो परतला की बायको, रूपाली, दिवसभराचं सांगायला बसायची.

"तोंडातल्या तोंडात काय बोलतीस? नीट बोल की," तो चिडायचा.

तिनं आवाज चढवला, तर म्हणायचा, "वरडतीस कशाला?"

हळूहळू तिनं सांगणं सोडून दिलं. जेवायला वाढलंय, गॅस संपलाय, एवढंच बोलायची. राजेंद्रला वाटलं, वयामुळं अबोल झाली असेल.

त्यांची प्रेरणा नववीत होती. शाळेत ध्वनीचा धडा चालू होता. एका रविवारी दुपारी तिनं आईबापाला समोर बसवलं आणि मोबाइलवर एक अ‍ॅप उघडलं.

"मी वारंवारता वाढवत नेते. हात वर ठेवा, ऐकू येईना झालं की खाली करा."

भोंग्यासारखा जाड आवाज सुरू झाला. तो बारीक होत होत शिट्टीसारखा झाला. राजेंद्रनं हात खाली केला. रूपालीचा वरच होता.

"पप्पा, मस्करी नका करू. आत्ता कुठं तीन हजार हर्ट्झ झालेत."

"मस्करी कशाची? तू बंद केलंस ना?"

मोबाइल वाजतच होता. प्रेरणानं आवाज पूर्ण वाढवून मोबाइल त्याच्या कानाशी नेला. रूपालीनं आपले कान झाकून घेतले. राजेंद्र नुसता दोघींकडं बघत राहिला.

प्रेरणाचा चेहरा उतरला. ती त्याच्यासमोर बसून सावकाश बोलू लागली. "आवाज मोठा केला की लाटेचा आयाम, म्हणजे उंची, वाढते, पप्पा. वारंवारता वेगळी. सेकंदाला किती कंपनं होतात, ती. तुम्हाला कमी कंपनांचे जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. अन् बोलण्यातले स, श, फ हे बारीकच असतात. मम्मीचा आवाज तुम्हाला येत असेल, पण निम्मे शब्द गळत असतील."

"म्हंजी मी नीटच बोलत व्हते," रूपाली म्हणाली आणि उठून आत गेली.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आतल्या पेशी रोजच्या दणक्यानं मेल्यात, त्या परत येत नाहीत. उरलंय ते जपा.

"बोळे घातले असते तर?" राजेंद्रनं विचारलं.

"बरंच वाचलं असतं," डॉक्टर म्हणाले.

कानाचं मशीन बसवलं त्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरात रूपालीजवळ जाऊन बसला.

"आज काय काय झालं? सांग ना."

पोळी लाटता लाटता ती थांबली. आठवून पाहिलं.

"काय नाय. रोजचंच."

"माझं चुकलं, रूपाली. तुला उगंच बोलत राहिलो."

"कानाचा दोष व्हता, तुमी तरी काय करणार," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. पण ती परत पोळी लाटायला लागली. तो वाट बघत बसून राहिला.

जेवताना रूपाली प्रेरणाला शेजारच्या लीलाबाईंच्या सुनेचं काहीतरी सांगत होती. दोघी हसल्या. राजेंद्रला जवळजवळ प्रत्येक शब्द ऐकू आला. खाली मान घालून तो जेवत राहिला.