नवऱ्याला कालवं

चॅटवर माझं नाव गोदा. खरी मी मैमुना, पण खरं नाव सांगायला मी काय येडी आहे? आमच्या मांडवीतल्या सायबर कॅफेत निम्मे माझे दीरच बसलेले असतात, म्हणून एसटीने हातखंब्याच्या कॅफेत जाऊन टायपायचे. समोर पुण्याची कौन्सेलर, नाव म्हणे दमयंती. हल्ली असं नाव कोण ठेवतं? म्हटलं, हीसुद्धा गोदाच असणार.

दुखणं माझं एकच. नवरा कमाल कुवेतहून सुट्टीवर आलेला, जाताना मला कायमची न्यायच्या बेतात. कुवेतचं नाव निघालं की माझी छाती धडधडायची, श्वास कोंडायचा. त्याला सांगायची हिंमत नव्हती. इतक्या हौसेने व्हिसा काढलान.

एकदा दमयंतीला सगळं लिहिलं. उत्तर आलं, इंग्रजी अक्षरांतलं मराठी: नवऱ्याला, आणि पुढे के, ए, एल, व्ही, ए. कालवं!

मी भडकले. मी इथे जीव मुठीत धरून बसलेय, आणि ही बया म्हणते नवऱ्याला कालवं खाऊ घाल! तशीच उठले.

घरी येईस्तोवर राग उतरला. शिकलेली बाई आहे, असेल काहीतरी त्यात. दुसऱ्या दिवशी ओहोटीला खडकावरून कालवं फोडून आणली, झणझणीत सुकं केलं.

कमाल बोटं चाटीत म्हणाला, "आज काय गो विशेष? काय मागायचंय?"

"मागायचं नाय, सांगायचंय," म्हटलं, आणि सगळं बोलले. रडलेसुद्धा.

त्याने ताट सरकवलं. झालं, चिडला! तर म्हणतो, "अगो, तिथे पहिल्या वर्षी मी न्हाणीत नळ सोडून रडायचो. आधी सांगायचंस ना! नुसती महिनाभर येऊन बघ. नाय जमलं तर परत." मग उरलेली कालवं एकट्याने संपवलीन.

हातखंब्याला जाऊन टायपलं, "दिली कालवं. गुण आला."

"कळवलंत ना? छान!"

"अहो, कालवं! शिंपल्यातली, खडकावरची. तुम्हीच सांगितलंत ना?"

उत्तर आलं, "मी 'कळवा' लिहिलं होतं हो. चूक माझी, नीट विचारून घ्यायला हवं होतं. आणि कालवं मी कधी पाहिलीसुद्धा नाहीत. कशी असतात?"

या अल्ला! मी इतकी हसले की कॅफेवाला वळून बघायला लागला. सल्ला देणारी बाई म्हणते, मला माहीत नाही! आमच्याकडे तर ज्याला त्याला सगळं माहीत असतं. मला ती एकदम आवडलीच.

एकेक अक्षर शोधत टायपलं, "कालवांचं सांगते. पण आधी हे. मी गोदा नाही. मैमुना."

"मी मात्र खरंच दमयंती," उत्तर आलं.